सहा व्होल्टच्या पेट्रोल गेजसाठी बारा व्होल्टचा दाब कमी कसा करावा

जुनी विलीज जीप, किंवा तिच्याच आराखड्यावर महिंद्राने मुंबईत जुळवलेली सुरुवातीची जीप, सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर नेण्याचे काम आपल्याकडे अनेक हौशी मंडळी हाती घेतात. अमेरिकेतील बहुतेक मोटार कंपन्यांनी १९५५-५६ च्या सुमारास बारा व्होल्ट स्वीकारले. त्याआधीच्या गाड्यांना लागणारे सहा व्होल्टचे बल्ब आणि बॅटरी आता सहज मिळत नाहीत, म्हणून हा बदल रास्तच आहे. बॅटरी बदलली जाते, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर येतो, बल्ब, हॉर्न आणि इग्निशन कॉइल नवीन घेतली जातात. डॅशबोर्डवरचे पेट्रोल गेज मात्र बदलावेसे वाटत नाही, कारण त्याची तबकडी गाडीच्या मूळ रूपाचा भाग असते आणि तशी दुसरी मिळणे कठीण असते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की बारा व्होल्टच्या गाडीत या गेजला सहा व्होल्ट कसे पुरवायचे.

या प्रश्नाचे सर्वांत प्रचलित उत्तर म्हणजे गेजच्या वायरीत एक रेझिस्टर घालणे. हे उत्तर बल्बसाठी किंवा हीटरच्या पंख्यासाठी चालते. पेट्रोल गेजसाठी ते चुकीचे आहे. गेजला लागतो तो स्थिर दाब, आणि रेझिस्टर दाब स्थिर ठेवू शकत नाही. हे का, ते पुढे आकड्यांनिशी दाखवले आहे. ज्याला फक्त जोडणी करायची आहे त्यानेही तो भाग वाचावा, कारण काटा चुकीचा दाखवू लागल्यावर दोष कोठे शोधायचा हे त्यावरूनच कळते.

आधी आपले गेज ओळखावे

विजेवर चालणारी जुनी पेट्रोल गेजेस मुख्यतः दोन प्रकारची असतात आणि दोन्हींना टाकीतून मिळणारी माहिती बहुतेकदा एकाच पद्धतीची असते. टाकीत एक फ्लोट असतो. पेट्रोलच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो आणि त्याला जोडलेला सरकता संपर्क तारेच्या वेटोळ्यावरून फिरतो. त्यामुळे टाकीतील युनिटचा रोध, म्हणजे ओहममधील मूल्य, पातळीनुसार बदलते.

पहिला प्रकार उष्णतेवर चालतो. गेजच्या आत दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. टाकीतील युनिट या वेटोळ्याशी एकसरीत, म्हणजे एकाच वाटेत एकापुढे एक, जोडलेले असते. प्रवाह वाढला की वेटोळे तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. दुसऱ्या प्रकारात दोन विद्युतचुंबकीय वेटोळी एकमेकांविरुद्ध काट्याला ओढतात आणि त्यांच्या ओढीच्या गुणोत्तरावर काटा कोठे थांबायचा ते ठरते. दाब वाढला तर दोन्ही वेटोळ्यांची ओढ सारख्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे काट्याची जागा फारशी बदलत नाही.

गेज न उघडता या दोन्हींत फरक करता येतो. चावी फिरवावी आणि काट्याकडे पाहावे. काटा सावकाश, काही सेकंद घेत वर चढला आणि चावी बंद केल्यावर तसाच सावकाश उतरला, तर गेज उष्णतेवर चालणारे आहे. काटा झटकन जागेवर गेला आणि गाडी खड्ड्यातून जाताना पेट्रोल हलल्याबरोबर तोही हलू लागला, तर ते चुंबकीय आहे. ही परीक्षा गाडी सहा व्होल्टवर असतानाच करून घ्यावी. गाडी आधीच बारा व्होल्टवर गेली असेल, तर गेज काढून सहा व्होल्टच्या बॅटरीवर, पुढे चाचणीच्या भागात सांगितलेल्या रेझिस्टरसह, टेबलावर पाहावे.

चुंबकीय गेज बारा व्होल्टवर जवळजवळ बरोबर दाखवते, म्हणून अनेक जण ते तसेच सोडून देतात. परंतु दाब दुप्पट झाला की वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते, आणि केसासारख्या तारेवरचे सत्तर वर्षांपूर्वीचे लाखेचे आवरण किती काळ टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तेव्हा दाब दोन्ही प्रकारांत कमी करावा. फरक इतकाच, की चुंबकीय गेजमध्ये तो गेज जळू नये म्हणून करायचा आणि उष्णतेच्या गेजमध्ये काट्याने खरे दाखवावे म्हणूनही.

रेझिस्टरने का भागत नाही

एक उदाहरण घेऊ. उष्णतेवर चालणाऱ्या सहा व्होल्टच्या गेजच्या वेटोळ्याचा रोध २० ओहम आहे असे धरू. टाकीतील युनिट, टाकी रिकामी असताना ७३ ओहम आणि भरलेली असताना १० ओहम दाखवते असे धरू. जीपच्या पुढच्या काळातील बारा व्होल्टच्या मॉडेलांत आणि फोर्डच्या अनेक गाड्यांत हीच मर्यादा आढळते. सहा व्होल्टवर टाकी भरलेली असताना एकूण रोध ३० ओहम, म्हणून प्रवाह ०.२ अँपिअर. टाकी रिकामी असताना एकूण रोध ९३ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे ०.०६५ अँपिअर. तबकडीवरच्या दोन टोकांच्या खुणा या दोन प्रवाहांसाठी आखलेल्या आहेत.

आता बारा व्होल्ट थेट दिले तर रिकाम्या टाकीला ०.१२९ अँपिअर वाहतील. सहा व्होल्टवर एवढा प्रवाह टाकीचे युनिट सुमारे २६.५ ओहमवर असताना वाहिला असता. युनिटचा रोध पातळीच्या समप्रमाणात बदलतो असे धरले, तर ही जागा पाऊण टाकीच्या आसपासची आहे. म्हणजे टाकीत पेट्रोलचा थेंब नसताना काटा पाऊण टाकी दाखवेल. टाकी अर्ध्यावर असतानाच काटा ‘फुल’च्या खुणेपाशी पोहोचेल आणि त्यापुढे भरले तर गेज प्रमाणापेक्षा तापत राहील.

मग रेझिस्टर घालून पाहू. टाकी भरलेली असताना काटा बरोबर यावा असे ठरवले, तर बारा व्होल्टवर ०.२ अँपिअरसाठी एकूण ६० ओहम हवेत. गेज आणि युनिटचे ३० ओहम वजा केले की ३० ओहमचा रेझिस्टर लागतो. तो घातल्यावर टाकी रिकामी झाली की एकूण रोध १२३ ओहम होतो आणि प्रवाह सुमारे ०.०९८ अँपिअर राहतो. सहा व्होल्टवर हाच प्रवाह युनिट ४१.५ ओहमवर असताना वाहतो, आणि ४१.५ हा ७३ व १० यांचा बरोबर मध्य आहे. म्हणजे रिकाम्या टाकीला काटा अर्धी टाकी दाखवेल. उलट टाकी रिकामी असताना काटा बरोबर यावा असे ठरवले, तर ९३ ओहमचा रेझिस्टर लागतो आणि मग भरलेल्या टाकीला एकूण रोध पुन्हा १२३ ओहम होऊन काटा अर्ध्यावरच अडकतो. मधला एखादा रेझिस्टर निवडला तर दोन्ही टोके थोडी थोडी चुकतात, एवढेच.

कारण उघड आहे. रेझिस्टरवर किती दाब खर्च होईल हे त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते, आणि येथे प्रवाह टाकीतील पातळीबरोबर तिपटीने बदलतो. बल्बच्या बाबतीत प्रवाह ठरलेला असतो म्हणून तेथे रेझिस्टर चालतो. त्यात भर म्हणजे बारा व्होल्टची गाडी बारा व्होल्टवर चालत नाही: इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट देते आणि चार्जिंग होत असताना हा आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत जातो. १२ व्होल्ट धरून काढलेला ३० ओहमचा रेझिस्टर १४.४ व्होल्टवर भरलेल्या टाकीला ०.२४ अँपिअर देईल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवला की पेट्रोल वाढल्यासारखे दिसेल. बाजारात सहा व्होल्टच्या गेजसाठी ‘ड्रॉपर’ म्हणून विकले जाणारे काही पोर्सेलीनचे तुकडे हे निव्वळ रेझिस्टरच असतात, तेव्हा विकत घेताना विचारून घ्यावे.

आणखी दोन उपाय सुचवले जातात, तेही टाळावेत. एक म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीच्या मधून सहा व्होल्टची वायर काढणे. जुन्या बॅटरीत सेलना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या असत, तेव्हा हे करता येत असे. पण मग अर्धे सेल जास्त रिकामे होतात आणि उरलेले जास्त चार्ज होतात, परिणामी बॅटरी वेळेआधी जाते. चोवीस व्होल्टच्या ट्रकमध्ये टेपसाठी एकाच बॅटरीवरून वायर काढतात, तेथेही हेच घडते. दुसरा उपाय झेनर डायोडचा. त्याने दाब स्थिर राहतो खरा, पण गेज कमी प्रवाह घेत असताना उरलेला सगळा प्रवाह झेनरला स्वतः तापून खर्च करावा लागतो. या कामासाठी त्याहून सोपा आणि स्वस्त पर्याय असताना त्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

कोणता रेग्युलेटर घ्यावा

एका गेजसाठी माझी पहिली पसंती ७८०६ या तीन पायांच्या रेग्युलेटरला, म्हणजे बाहेरचा दाब स्थिर ठेवणाऱ्या भागाला, आहे. तो आत ३५ व्होल्टपर्यंत सहन करतो, बाहेर सहा व्होल्ट देतो, त्यात प्रमाणाबाहेर तापल्यास स्वतःहून बंद होण्याची सोय असते, आणि काहीही जुळवून घ्यावे लागत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची धातूची पाठ त्याच्या अर्थच्या (गाडीच्या बॉडीला जोडायच्या) पायाला आतून जोडलेली असते, त्यामुळे निगेटिव्ह अर्थ असलेल्या, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या, गाडीत तो डॅशबोर्डच्या पत्र्यावर थेट स्क्रूने बसवता येतो; पत्राच त्याचा हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा भाग, होतो.

एलएम ३१७ हा दुसरा पर्याय. त्याला दोन रेझिस्टर लावून हवा तो दाब ठरवता येतो. २४० आणि ९१० ओहमच्या जोडीने बाहेर सहा व्होल्ट मिळतात. मात्र त्याची पाठ अर्थला नव्हे, तर बाहेरच्या दाबाच्या पायाला जोडलेली असते. अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकचा बुश न घालता तो पत्र्यावर आवळला तर सरळ शॉर्ट होतो. त्याच्या पायांचा क्रमही ७८०६ पेक्षा वेगळा असतो. ७८०६ उपलब्ध असताना नवख्याने एलएम ३१७ घेण्याचे काही कारण नाही.

पेट्रोल, तापमान आणि ऑइल प्रेशर अशी दोन-तीन गेजेस एकाच सहा व्होल्टवर चालवायची असतील, किंवा चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचे गेज बसवायचे असेल, तर एलएम २५९६ वर आधारित बक कन्व्हर्टरचे तयार बोर्ड घ्यावे. ते दाब कमी करताना फार तापत नाही. दाब ठरवण्यासाठी बोर्डवर छोटा पितळी स्क्रू असतो. तो अनेक फेरे फिरतो आणि गाडीच्या थरथरीने हळूहळू सरकू शकतो. म्हणून बोर्ड गेजला जोडण्याआधी मल्टीमीटर लावून दाब ठरवावा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो पक्का करावा. चोवीस व्होल्टच्या गाडीत चार्जिंगच्या वेळी २८ व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि साधा एलएम २५९६ आत ४० व्होल्टपर्यंतच घेतो, तेव्हा तेथे ६० व्होल्ट सहन करणारी एचव्ही आवृत्ती घेणे शहाणपणाचे. हे बोर्ड रेडिओत खरखर आणू शकते; ज्याला जीपमध्ये रेडिओ ऐकायचा आहे त्याने ते गेजपाशीच, लहान वायरींनी बसवावे.

हे सगळे सामान पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळते. ७८०६ शिवाय पुढील वस्तू घ्याव्यात: ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरडचा प्रत्येकी एक कॅपॅसिटर, १एन४००७ डायोड, १.५केई२४ए हा उसळता दाब शोषणारा डायोड, एक अँपिअरचा फ्यूज व त्याचा होल्डर, छिद्रांची छोटी पाटी, गाडीची एक चौरस मिलिमीटरची वायर, थिंबल्स आणि हीट श्रिंक स्लीव्ह. कॅपॅसिटर ५० व्होल्टचे घ्यावेत. १.५केई२४ए दोन दिशांना चालणाऱ्या रूपातही मिळतो; आपल्याला एकाच दिशेचा, पट्टा असलेला हवा.

जोडणी

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर काढावी आणि ती पुन्हा टेकणार नाही अशी बांधून ठेवावी. पेट्रोलची टाकी जीपमध्ये चालकाच्या आसनाखाली असते, तेव्हा आसनाजवळ ठिणगी उडेल असे काहीही करू नये, सोल्डरिंगचे काम गाडीबाहेर टेबलावर करावे आणि टाकीवरच्या युनिटच्या टर्मिनलला बॅटरीची थेट वायर कोणत्याही परिस्थितीत लावू नये. युनिटमधील बारीक तार त्याने क्षणात जळते, आणि ती जळते पेट्रोलच्या वाफेत.

गाडीचा निगेटिव्ह अर्थ आहे का, हे तपासून घ्यावे. त्या काळातील काही गाड्यांत, विशेषतः फोर्डच्या आणि कित्येक ब्रिटिश गाड्यांत, पॉझिटिव्ह अर्थ असे. बारा व्होल्टवर नेताना बहुधा निगेटिव्ह अर्थ केलाच जातो. केला नसेल तर ७८०६ चालणार नाही, त्यासाठी ७९ मालिकेतील रेग्युलेटर लागेल.

रेग्युलेटर नेहमी इग्निशन स्विच आणि गेज यांच्या दरम्यान बसवायचा असतो. गेज आणि टाकी यांच्या दरम्यान तो कधीही बसवू नये, कारण तेथे दाब स्थिर केला तर टाकीकडून येणारा बदलच गेजपर्यंत पोहोचणार नाही. गेजच्या मागे सामान्यतः दोन टर्मिनल असतात. चावी सुरू केल्यावर ज्या वायरीवर पूर्ण दाब येतो ती स्विचकडची, आणि दुसरी टाकीकडे जाणारी. तिची खात्री करण्यासाठी ती गेजवरून सोडवून तिच्या आणि बॉडीच्या दरम्यान ओहम मोजावेत. तेथे टाकीच्या युनिटचे मूल्य दिसले पाहिजे.

आता स्विचकडची वायर गेजवरून सोडवावी. तिला आधी फ्यूज लावावा. फ्यूजनंतर १एन४००७ डायोड असा लावावा, की त्याचा पांढरा पट्टा रेग्युलेटरच्या बाजूला येईल. बॅटरीच्या वायरी कोणी उलट्या जोडल्या तर हा डायोड सगळे वाचवतो. डायोडनंतर १.५केई२४ए आणि ०.३३ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, दोन्ही या वायरीपासून अर्थपर्यंत आडवे जोडावेत, १.५केई२४ए चा पट्टा वायरीच्या बाजूला असावा. चालू इंजिनावर बॅटरीची वायर सुटली तर अल्टरनेटरचा दाब क्षणभर फार वर उसळतो आणि ३५ व्होल्टच्या मर्यादेचा ७८०६ तेवढ्याने जाऊ शकतो, त्यासाठी ही तजवीज आहे. ७८०६ वरची छापील अक्षरे आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावा पाय आत येणाऱ्या दाबाचा, मधला अर्थचा आणि उजवा बाहेर जाणाऱ्या सहा व्होल्टचा. डाव्या पायाला वरची वायर, उजव्या पायापासून अर्थपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, आणि उजव्याच पायावरून गेजच्या मोकळ्या झालेल्या टर्मिनलकडे वायर. मधल्या पायासाठी पत्र्याच्या स्क्रूवर विसंबू नये. स्वतंत्र वायर काढून ती बॉडीच्या चांगल्या जागी, रंग खरवडून, थिंबलने आवळावी.

या अर्थच्या वायरीवर इतका भर देण्याचे कारण असे, की मधला पाय मोकळा राहिला तर ७८०६ दाब धरून ठेवत नाही आणि बाहेर जवळजवळ पूर्ण दाब जातो. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये गेजसाठी जो छोटा डब्यासारखा स्टॅबिलायझर येई, त्याच्या बाबतीतही हाच दोष सर्वांत जास्त आढळतो. त्या डब्यातही एक तापणारी जोडपट्टी असते. ती संपर्क सतत जोडत आणि तोडत सरासरी १० व्होल्ट देते, आणि डब्याचा अर्थ गेला की तापणे थांबून संपर्क कायम जोडलेला राहतो. पेट्रोल आणि तापमान ही दोन्ही गेजेस एकदम जास्त दाखवू लागली, तर आधी हा डबा आणि त्याचा अर्थ पाहावा. एकच गेज चुकत असेल तर दोष त्याच्या युनिटमध्ये किंवा वायरीत असतो. पुढच्या काळातील जीप सीजे-५ आणि सीजे-७ मध्ये असाच, पण पाच व्होल्टचा रेग्युलेटर पेट्रोल गेजच्या आतच बसवलेला असतो आणि तापमानाचे गेज त्याच्यावरच चालते. अशा गेजला बाहेरून दाब कमी करून देऊ नये. त्याला बारा व्होल्टच हवेत.

उष्णतेचा हिशेब

७८०६ जो दाब कमी करतो तो उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. १४.४ व्होल्टमधून डायोडचे ०.७ आणि गेजचे ६ वजा केले की ७.७ व्होल्ट उरतात, ०.२ अँपिअरने गुणले की सुमारे दीड वॉट. हा आकडा लहान वाटतो. पण उघड्यावर ठेवलेल्या या आकाराच्या रेग्युलेटरचे आतले तापमान दर वॉटला सुमारे ६५ अंशांनी वाढते, म्हणजे दीड वॉटला साधारण १०० अंश. उन्हात उभ्या राहिलेल्या जीपच्या डॅशबोर्डमागे आधीच ५० अंश असतील, तर बेरीज १५० वर जाते आणि रेग्युलेटरची मर्यादा १२५ अंशांची आहे. मग तो स्वतःहून बंद होतो, काटा खाली येतो, निवला की पुन्हा सुरू होतो. भर दुपारी काटा वरखाली होतो आणि सकाळी बरोबर असतो, या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच सापडते. रेग्युलेटर पत्र्यावर सपाट बसवून मध्ये थर्मल पेस्ट लावली की दीड वॉटची चिंता संपते. टाकी भरलेली असताना उष्णता सर्वांत जास्त असते, हेही ध्यानात ठेवावे; पेट्रोल संपत आले की प्रवाह आणि उष्णता दोन्ही कमी होतात.

पाटीवरचे टाके घट्ट असले तरी थरथरीने पाय तुटतात. पाटी स्लीव्हमध्ये घालून किंवा इपॉक्सीने आधार देऊन बसवावी. ग्लू गनचा गोंद डॅशबोर्डमागच्या उन्हाळ्यात मऊ पडतो, तो वापरू नये.

चाचणी

गेज जोडण्याआधी बॅटरी जोडावी, चावी सुरू करावी आणि रेग्युलेटरच्या बाहेरच्या वायरीवर दाब मोजावा. तो ५.७५ ते ६.२५ व्होल्टच्या दरम्यान असला पाहिजे. इंजिन सुरू करून वेग वाढवला तरी आकडा हलता कामा नये. हलत असेल तर अर्थ पाहावा.

यानंतर गेज जोडावे, पण टाकीकडची वायर अजून मोकळीच ठेवावी आणि तिच्या जागी गेजच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत एक वॉटचा १० ओहमचा रेझिस्टर लावावा. पेट्रोलजवळ न जाता संपूर्ण गेज तपासण्याची ही रीत मला सर्वांत पसंत आहे. उष्णतेच्या गेजला मिनिटभर द्यावे. काटा भरलेल्या टाकीच्या खुणेवर आला पाहिजे. मग ३९ ओहम लावावा, काटा अर्ध्याच्या जवळ यावा. शेवटी ६८ आणि ४.७ ओहम एकसरीत लावावेत, काटा रिकाम्याच्या खुणेवर उतरावा. हे आकडे ७३ ते १० ओहमच्या युनिटसाठी आहेत. आपल्या युनिटची मर्यादा वेगळी असेल तर त्याप्रमाणे रेझिस्टर घ्यावेत, आणि ती मर्यादा युनिट बाहेर काढलेले असताना फ्लोट हाताने वरखाली करून मोजून घ्यावी.

तीनही ठिकाणी काटा बरोबर आला आणि टाकीकडची वायर जोडल्यावर चुकला, तर दोष टाकीच्या बाजूला आहे. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडलेला असतो, किंवा युनिटचा अर्थ गंजलेला असतो. अर्थमध्ये पाच-दहा ओहमचा गंज आला की ७३ ते १० ओहमच्या युनिटमध्ये काटा रिकाम्याच्या दिशेने सरकतो आणि भरलेली टाकीही कमी दिसते. युनिटच्या स्क्रूपासून चॅसीपर्यंत एक स्वतंत्र वायर काढली की हा दोष जातो; आधी बॅटरी सोडवावी, हे येथेही आलेच.

युनिट कोणी नंतर बदललेले असेल, तर मात्र दाब कितीही अचूक असला तरी काटा जुळणार नाही. बाजारात मिळणारी सार्वत्रिक अमेरिकन युनिट्स रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम देतात. व्हीडीओ (VDO) या कंपनीची बरीच युनिट्स उलट चालतात, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० ओहम. असे युनिट ७३ ते १० ओहमच्या गेजला लावले असेल तर पहिल्यात काटा रिकाम्याच्या खाली जाऊन बसतो आणि दुसऱ्यात टाकी भरली की काटा खाली येतो. हा दोष व्होल्टेजने सुटत नाही, युनिटच बदलावे लागते.

सगळे जुळल्यावर टाकी एकदा जवळजवळ रिकामी होऊ द्यावी, सोबत कॅनमध्ये पेट्रोल असू द्यावे, आणि पंपावर पाच-पाच लिटर भरून घेत प्रत्येक वेळी काटा स्थिरावल्यावर त्याची जागा लिहून ठेवावी. फ्लोटची चाल आणि टाकीचा आकार यांमुळे खुणा सारख्या अंतरावर येणार नाहीत. तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा, आणि गाडी दुसऱ्या कोणी चालवणार असेल तर रेग्युलेटर कोठे बसवला आहे व फ्यूज किती अँपिअरचा आहे हेही त्यावर लिहावे.